कुंभ्यापाशी थांब

जुईनगर स्टेशनाबाहेर, पुलाचा जिना जिथे संपतो तिथे, परवा शेवळं दिसली. एक बाई बसली होती. पुढ्यात प्लॅस्टिकच्या कागदावर शेवळांच्या जुड्या आणि बाजूला हिरव्या काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, छोटा ढीग. मी वाकून एक जुडी उचलली, उलटी करून देठ पाहिले, नखाने खरवडलं, वास घेतला. बाई माझ्याकडे बघत होती.

"कुठल्या डोंगरातली?" मी विचारलं.

"डोंगरातलीच हायत ताई. बिल्डिंगमदी उगवतात का?"

"ते कळलं. पण कुठला डोंगर?"

तिने काकडं उगाच सारखी केली आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. बरोबरच आहे म्हणा. शेवळांची जागा कोणी कोणाला सांगत नाही.

ज्यांच्या घरात ही भाजी होत नाही त्यांना सांगते. मृगाच्या आसपास जमिनीतून एकाएकी वर येणारे हे जांभळट तपकिरी, लांबोडके कोंब. थोडे दिवस मिळतात, मग वर्षभर नाव नाही. खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून काकडांच्या आंबट रसात शिजवायचं, वर कोलंबी. काकडं विसरलात तर घसा असा खवखवतो की दोन दिवस कोणाशी भांडताही येत नाही. मी सांगलीकडची. लग्न होऊन इकडे येईपर्यंत हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं. इथल्या जुन्या गावांतल्या बायकांना मात्र डोंगरातल्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतात. सासू सुनेला दागिन्यांच्या कपाटाची किल्ली देईल, पण शेवळांची जागा दाखवणार ती स्वतःचे पाय चालेनासे झाल्यावरच. दुसरं कोणी मागोमाग येत नाही ना, हे बघायला म्हणे त्या मुद्दाम लांबच्या वाटेने जातात.

मला ही पद्धत फार आवडली. माझ्या स्वभावाला धरूनच आहे. रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी नोकरीची सगळी वर्षं काढली, काम एकच, तयार रंगात खोट शोधणे. डबा उघडायचा, पट्टीवर रंग ओढायचा, नमुन्याशेजारी धरायचा आणि संशयाने बघायचं. रिटायर झाले, पण डोळे काही रिटायर झाले नाहीत. दूधवाल्याचं माप, सोसायटीच्या टाकीचं पाणी, वॉचमनची झोप, सगळ्यावर माझी नजर असते. आमचे हे मला इन्स्पेक्टर म्हणतात. "इन्स्पेक्टर, चहात आज काय सापडलं?" असं सकाळी सकाळी विचारतात. मी उत्तर देत नाही, पण चहा गाळून झाल्यावर गाळणं बघते.

तर त्या जुडीकडे बघताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ही आमच्या डोंगरातली तर नाहीत? आणि आमच्या म्हणजे सुगंधाताईंच्या.

सुगंधाताई खारघरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहतात. गाव म्हणायचं आता सवयीने. चारी बाजूंनी टॉवर, मधे देऊळ, तळं आणि ताईंचं दुमजली घर. शेती गेली त्याला जमाना झाला. घरची भाडी येतात, मुलगा संदेश बांधकामाच्या धंद्यात आहे, काही कमी नाही. पण या बाईचा जीव डोंगरात. लहानपणी आईबरोबर लाकडं आणायला जायच्या, ते पाय अजून घरात ठरत नाहीत. साखर वाढली म्हणून डॉक्टरने मला चालायला सांगितलं आणि मी एका सकाळी शहाण्यासारखी एकटीच डोंगरावर गेले, तेव्हा वाट चुकले. करवंदीच्या जाळीत ओढणी अडकवून उभी होते. वरून आवाज आला, "कोन गो ती? जाली खाली जातं का कोनी, मरायला?" ती आमची पहिली भेट. कमरेला कोयता, पायात मुलाचे टाकून दिलेले बूट, नऊवारीचा काष्टा घट्ट. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं की मला वाटलं, ही आपल्याच जातकुळीतली दिसते. संशयी.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी आम्ही डोंगर चढतो. सकाळी जायचं, उन्हं डोक्यावर यायच्या आत उतरायचं. श्रावणात धुक्यातून चालताना पुढच्या माणसाचे फक्त पाय दिसतात आणि दगडांवरून पाणी चपला धरून ओढतं. भाद्रपदात तेरड्याने सगळा उतार गुलाबी होतो, शहरातली पोरं फोटो काढायला येतात आणि त्याच फुलांवर बसतात. दिवाळीनंतर गवत डोक्याएवढं वाढून पिवळं पडतं, मोजे कुसळांनी भरतात, घरी आल्यावर ती उपटत बसायचं. माघात काटेसावरीला पान नसतं, नुसती लाल फुलं. मग पळस. मग कुंभा.

कुंभ्याबद्दल सांगायला हवं. डोंगराच्या खांद्यावर, वाट दोन ठिकाणी फुटते तिथे एक जुना कुंभ्याचा वृक्ष आहे. चैत्राच्या आधी त्याला मोठी पांढरी फुलं येतात आणि सकाळी आपण पोहोचेपर्यंत त्यातली निम्मी खाली पडलेली असतात. या झाडापाशी माझी हद्द संपते. मृग लागला की सुगंधाताई मला तिथे बसवतात. "कुंभ्यापाशी थांब. फुडं येव नको. मागं पन बगू नको." मग त्या झाडीत शिरतात आणि थोड्या वेळाने ओटीत शेवळं भरून येतात. त्यातली एक जुडी मला देतात, न मोजता, न बोलता. गेल्या हिवाळ्यापर्यंत मी एकदाही पुढे गेले नव्हते. विचार आला नाही असं नाही.

आता गेल्या वर्षाचं सांगते. तेच मनातून जात नाही.

पावसाळा सरत आला होता. आम्ही कुंभ्याखाली डबा उघडून बसलो होतो, भाकरी आणि सुकटीची चटणी. माझी मुलगी परदेशात, थंड मुलखात असते. तिने त्यांच्या डोंगरातल्या फिरण्याचा व्हिडिओ पाठवला होता. गुडघाभर बर्फ, आणि बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांना सुपाएवढ्या जाळ्या बांधलेल्या. बदकासारखी फताफता चालत होती. मी ताईंना दाखवला. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "ये खांब कसले रवलेत?"

"वाटेच्या खुणा आहेत. बर्फ पडला की वाट दिसत नाही ना. मग एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे बघत जायचं."

"वलखीची वाट पन दिसत नाय?"

"बर्फ सगळं पुसतो म्हणे. रोजची वाटसुद्धा."

त्यांनी व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग परत. भाकरी तशीच हातात. मला वाटलं, बर्फाचं नवल असेल.

दिवाळी झाली आणि डोंगरावर पिवळे ठिपके आले.

पहिला मी पाहिला तो उतरताना, धबधब्याच्या कोरड्या घळीजवळ, एका दगडावर, रुपयापेक्षा थोडा मोठा. मग पुढच्या फाट्यावर दुसरा. मग तिसरा. ऑइल पेंट. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला दगडावरचा ठिपका म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आधी ठिपका येतो. मग ठिपक्याशेजारी आकडा. मग खुंटी, मग दोरी, मग पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणावर झाडांचं चित्र काढलेला बोर्ड. जिथे आज माझी सोसायटी आहे तिथेही एकेकाळी कोणाच्या तरी बांधावर असाच ठिपका आला असणार. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, इथली गावं तर पाणीसुद्धा फुंकून पितात.

"ताई, हे बघितलंत?"

सुगंधाताईंनी दगडाकडे पाहिलं. "कय?"

"ठिपका. मोजणी चाललीय की काय डोंगराची?"

"पोरांनी केला असल," त्या म्हणाल्या आणि पुढे झाल्या. म्हणजे, पुढे झाल्या म्हणते, पण नाही. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "तू हो फुडं. माझा बूट ढिला झालाय."

ज्या बाईने वाटेवर उमटलेल्या परक्या चपलेवरून दिवसभर चौकशी केली असती, ती म्हणते पोरांनी केला असेल? कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काविळीच्या माणसाला सगळं पिवळंच दिसतं." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

पुढच्या खेपेला मी नखाने एका ठिपक्याचा पापुद्रा काढला आणि रुमालात बांधून आणला. खिडकीशी उजेडात धरला. चांगला रंग, बाहेरच्या लोखंडी कामाला वापरतात तसला. किंचित नारिंगीकडे झुकणारा पिवळा. ही शेड मी अलीकडे कुठेतरी पाहिली होती, आणि कुठे ते आठवेना. तो हिवाळा माझा त्यातच गेला. बाजारात, रिक्षात, हळदीकुंकवात, मी पिवळा रंग बघत हिंडत होते.

आणि त्याच हिवाळ्यात सुगंधाताई बदलल्या. आधी नेहमी त्या पुढे असायच्या, मी मागून धापा टाकत. आता दर वेळी काहीतरी निमित्त. बूट ढिला, काटा गेला, पानी पिते, तू हो फुडं. डोंगरावर गप्पा मारणारी बाई मुकी झाली. मी काही विचारलं की माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच काहीतरी काढून घ्यायला आलेय. एकदा मी सहज म्हटलं, "हा माळ कोणाच्या नावाचा म्हणायच्या तुम्ही?" त्यांनी चटकन विचारलं, "कशाला पायजे तुना? कोनी विचाराला सांगितला?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यांना पटलं नाही. खाली उतरेपर्यंत दोघी एकमेकींवर पाळत ठेवल्यासारख्या चालत होतो.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला त्यांच्या घरी गेले आणि फाटकाशीच थबकले. फाटक दिवाळीला नवीन रंगवलेलं होतं. पिवळं. नारिंगीकडे झुकणारं. हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी मी पर्समधून रुमाल काढला, पापुद्रा फाटकाला लावून पाहिला. तीच शेड, तोच डबा.

फाटक उघडून संदेशच बाहेर आला. "काकी, या ना. काय शोधताय?"

"काही नाही. रंग छान आहे."

"उरलेला मटेरियलचा होता, मारला. काकी, एक बोलू? आईला जरा समजवा ना. ते डोंगर-बिंगर बंद कर म्हणावं. वय झालंय, मला ऑफिसात टेन्शन येतं. नावड्याला नवीन फ्लॅट घेतलाय, टॉपचा फ्लोअर. शिफ्ट होऊ म्हणतो. गॅलरीतून अख्खा डोंगर दिसतो. बसून बघ म्हटलं आरामात."

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. मुलगा बांधकामवाला. आईला डोंगरापासून लांब न्यायचंय. रंग त्याच्या घरचा. आणि आई माझ्यापासून नजर चोरते. म्हणजे ताईंना सगळं माहीत आहे. ज्या बाईने मला डोंगर दाखवला, तीच डोंगर विकायला बसलीय. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तिळगूळ तोंडात ठेवला तो कडू लागला, खोटं सांगत नाही.

त्याच आठवड्यात मी कुंभ्याची हद्द ओलांडली. शेवळांचे दिवस नव्हते, तरी ताई म्हणाल्या, "कुंभ्यापाशी थांब, मी आलू," आणि झाडीत गेल्या. या मोसमात तिकडे काय काम? मी चपला काढून हातात घेतल्या आणि मागे गेले. झाडीपलीकडे एक लहानशी खोलगट जागा आहे, वर आडवा कातळ. खाली शेवळांच्या वाळलेल्या दांड्या पडल्या होत्या, कुजून काळ्या झालेल्या. मला लगेच कळलं की हीच ती जागा. आणि कातळाच्या कपारीत हात घालून सुगंधाताई रंगाचा डबा बाहेर काढत होत्या. पिवळा. ब्रश म्हणून काडीला चिंधी गुंडाळलेली. जगात कोणालाच माहीत नसलेली त्यांची ती एकच जागा, म्हणून डबा तिथे लपवला होता.

मी तशीच मागे आले, कुंभ्याखाली बसले आणि चपला घातल्या. बोलले काहीच नाही. पुरावा पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही, ही नोकरीतली सवय.

शिमग्याच्या आधी डोंगराला वणवा लागला. दरवर्षी लागतो, कोण लावतं कोणी सांगत नाही. गवत जळून सगळा उतार काळा पडला, राखेचा वास चार दिवस आमच्या जुईनगरपर्यंत येतो असं मला वाटत राहिलं, हे म्हणाले तो तळोज्याच्या कारखान्यांचा असेल. राख थंड झाल्यावर आम्ही दोघी गेलो. मी ठरवलं होतं, आज गवत नाही, आज सगळे ठिपके एकदम दिसतील. रेषा कुठून कुठे जाते ते कळेल, मग बाईंना समोरासमोर विचारायचं.

चढताना एकही ठिपका दिसला नाही.

मी चक्रावले. काळ्या जमिनीवर पिवळा रंग न दिसायला काय झालं? मग वरून परतायला लागलो आणि वळून पाहते तर खालपर्यंत ठिपकेच ठिपके, एकामागून एक. प्रत्येक ठिपका दगडाच्या वरच्या अंगाला होता. चढणाऱ्याला दिसू नये आणि उतरणाऱ्याला चुकू नये असा. आणि सगळे गुडघ्याच्या उंचीवर, खाली बसून काढल्यासारखे. मी आयुष्यभर खोट शोधली, पण अशी मोजणी कुठे पाहिली नाही. मोजणीवाल्याला वर जायचं काय आणि खाली यायचं काय. हे ठिपके ज्याने काढले त्याला डोंगर मोजायचा नव्हता. त्याला फक्त घरी जायचं होतं.

मी ठिपके बघत रेंगाळले तोवर ताई माझ्या पुढे गेल्या होत्या, थोड्या खाली, जिथे वाट फुटते तिथे. लख्ख ऊन. समोर त्यांचं गाव, तळं, देवळाचा कळस सगळं दिसत होतं. आणि त्या एक पाय उचलून उभ्या होत्या, तो कुठे ठेवायचा ते न कळल्यासारख्या. मान इकडून तिकडे फिरत होती. मग त्यांना दगडावरचा ठिपका दिसला. खांदे सैल झाले, आणि पाय खाली आला.

मी जाऊन त्यांच्या शेजारी दगडावर बसले. म्हटलं, "ताई, कधीपासून?"

त्यांनी आधी माझ्याकडे ती संशयाची नजर टाकली. मग राखेकडे बघत बोलायला लागल्या.

"पाऊस सरला तवापासून. वर जाताना कय नाय होत. पाय आपले जातात. येताना कायच वलखीचा नाय वाटत. झाडा तीच, दगड तेच, मना ठावा हाय तेच हायत, पन वाट गवसत नाय. एकदा दोनपार झाली बाय. गाव दिसतंय समोर, आन मी रडतंय."

"घरी सांगितलंत?"

"सांगला तं तो मना वर नेऊन ठेवल. नावड्याला. लिफ्टन. बोलतो डोंगर दिसतो तिथून." त्या हसल्या. "दिसून कय कराचा?"

डॉक्टरकडे जाऊ, मी म्हटलं, मी येते सोबत. त्या "बरा" म्हणाल्या. मग माझा हात धरला, चांगला घट्ट, कोयता धरतात तसा. "तू सांगशील त्याना. तुझ्यावर माझा ध्यान व्हता सगला टाइम. तू सारखी बगतेस. मना वाटला, हिना कळला हाय, ही जाऊन पोराला सांगनार. म्हनून मी तुना मागं नाय ठेवला, फुडं धाडला."

म्हणजे सबंध हिवाळाभर मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्या माझ्यावर. त्यांच्या बाजूने गमावण्यासारखं जास्त होतं. माझा जाऊन जाऊन डोंगर गेला असता, त्यांचं सगळंच.

गावदेवीच्या दिशेला हात करून त्यांनी मला कोणाला न सांगण्याची शपथ घ्यायला लावली. मी घेतली, पण माझी एक अट घालून, की एकटीने पाऊल टाकायचं नाही, माझ्याशिवाय डोंगर नाही. संदेशला मी सांगितलं, "आई एकटी जाणार नाही, मी असते सोबत, आणि डॉक्टरांकडेही नेते." तो म्हणाला, "काकी, तुम्ही आहात तर मला टेन्शन नाय." फ्लॅटचं त्याने पुढे ढकललं. पुढे ढकललं म्हणजे रद्द केलं नाही, हे मला कळतं. ती गॅलरी तिथेच आहे.

उन्हाळा असाच गेला. कुंभा फुलला, करवंदं झाली, तोंडं जांभळी करून आम्ही उतरायचो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फरक पडायचा तेवढा पडला. काही दिवस ताई पूर्वीसारख्या, कोयता परजत पुढे. काही दिवस माझं नाव शोधत राहायच्या आणि न सापडल्यावर नुसतं "गो बाय" म्हणायच्या. एक मात्र वाढत चाललं, संशय. घरातल्या वस्तू कोणीतरी हलवतं. चपला कोणीतरी बदलतं. सून डब्यातलं काढते. डॉक्टर म्हणाले असं होतं, मनावर घेऊ नका. माझ्यासारख्या बाईला हे सांगायची गरज नव्हती. वस्तू जागेवर नसली की कोणीतरी घेतली असं वाटणं फार सोपं असतं. आपणच विसरलो असं वाटणं भयंकर.

तर स्टेशनावरच्या त्या बाईची जुडी मी खाली ठेवली आणि तिथूनच ताईंना फोन लावला. "शेवळं आली बाजारात. जायचं ना?" पलीकडून जुना आवाज आला. "सकाली ये. आन कोनाला बोलू नको."

काल गेलो. हवा कोंदट, आभाळ खाली आलेलं, पावशा एकसारखा ओरडत होता. वणव्याने काळा केलेला उतार आता पोपटी झालाय, ठिपके काही जागी गवतात बुडालेत. कुंभ्यापाशी पोहोचलो. ताईंनी काष्टा घट्ट केला आणि बोट माझ्यावर रोखलं. "कुंभ्यापाशी थांब. फुडं येव नको. मागं पन बगू नको."

मी बसले. झाडीकडे पाठ करून, नियमाप्रमाणे. पण कान तर उघडे होते. त्यांची पावलं डावीकडे गेली. जागा उजवीकडे आहे. मी उठावं की नाही ते कळेना. उठून सांगितलं तर त्यांना कळणार, की मी मागे गेले होते, आणि त्याहून वाईट, की त्यांची स्वतःची आईपासूनची जागा आता त्यांना सापडत नाही. त्यांनी घरच्या वाटेवर शेकडो ठिपके काढले होते. शेवळांच्या जागेवर एक नाही. काढणार कशा? खूण केली तर जागा चोराला कळणार. नाही केली तर स्वतःला कळणार नाही. ही अडचण या डोंगरातल्या बाईलाच येऊ शकते.

बऱ्याच वेळाने त्या परत आल्या. ओटी रिकामी. हात चिखलाने भरलेले, कुठेतरी उकरलं होतं. चेहरा असा की मी तसा पूर्वी एकदाच पाहिला होता, राखेत, एक पाय उचललेला.

"नाय तिथं," त्या म्हणाल्या. "कायच नाय."



त्यांचे डोळे हळूहळू माझ्यावर येऊन थांबले. बारीक झाले. "कोनीतरी नेली." आणि मग, "तू आली व्हतीस माझ्या मागं. एकदा. चपला काडून."

ते मात्र त्यांना आठवत होतं. तेव्हाच कळलं होतं आणि बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन उत्तरं होती माझ्याकडे. एक खरं होतं, शेवळं तिथेच आहेत ताई, तुम्ही चुकलात.

"हो," मी म्हटलं. "मीच नेली."

त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. राग आला, भयंकर आला, पण त्या रागाखाली सगळा चेहरा परत जागेवर बसला. बाई पुन्हा सुगंधाताई झाली. "मना वाटलाच व्हता," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवसापासून. खाई त्याला खवखवे. कुठं ठेवलीस?"

"आणते."

मी उजवीकडच्या झाडीत शिरले. कातळाखालची जागा गच्च भरली होती. ओल्या मातीतून जांभळे कोंब ताठ उभे, जणू कोणाची तरी वाट बघत. बाजूला रंगाचा डबा गंजून पडला होता. मी ओढणीत मावतील तेवढी काढली, लहान कोंब राखले, आणि नेऊन त्यांच्या ओटीत टाकली. त्यांनी एक एक उचलून पाहिलं, माझ्यासारखंच, उलटं करून, नखाने खरवडून. मग त्यातली मूठभर बाजूला काढून माझ्यापुढे धरली. चोराचाही वाटा असतो बहुतेक.

उतरायला निघालो तेव्हा सवयीने त्या पुढे झाल्या, मग थबकल्या. वळून मला आपल्या पुढे ओढलं.

"आता तू फुडं चालाचा," त्या म्हणाल्या. "मी मागून. दर टायमाला. मना तुझा भरवसा नाय."

"बरं," मी म्हटलं आणि पुढे झाले. गवतात बुडालेले ठिपके मी पायाने मोकळे करत होते, आणि मागून त्यांची पावलं येत होती, बरोबर माझ्या पावलांवर, डोळे माझ्या पाठीवर रोखून. थेट घरापर्यंत.